तंबूतला जखमी

३ नोव्हेंबर, सोमवार

लग्नानंतर असं काही लिहिलंच नव्हतं. अक्षर बघून माझं मलाच हसू आलं. पण आजचा दिवस लिहून ठेवावा असा होता.

मेकअपवाल्या मितेशदादाने ज्या सिरियलच्या मेकअपसाठी हाताखाली बोलावलं, तिचं शूटिंग भिवंडीबाहेर, पूर्णा गावापुढच्या गोदामात चालतं. माझा नवरा हितेश जिथे माल चढवतो-उतरवतो त्याच रांगेतलं गोदाम. बाहेरून नुसते पत्रे, आणि आत शिरले तर लढाई. खाकी तंबू, लोखंडी खाटा, जाड्या मिठाचा बर्फ. सिरियलचं नाव 'चार नंबरचा तंबू'. सरहद्दीवर लढाई चाललीय, जवळच तंबूत हॉस्पिटल आहे, तिथले डॉक्टर आणि नर्स जखमींना शिवतात आणि मधल्या वेळात एकमेकांची खोड काढतात.

मी मितेशदादाला विचारलं, "माणसं मरतायत आणि हे हसतात कसे?"

तो म्हणाला, "हसले नाहीत तर दुसऱ्या दिवशी कामावर कसे येतील?"

मला काही ते पटलं नाही. पार्लरमध्ये मी एवढ्या नवऱ्या सजवल्या, पण जखम एकही केली नाही. दादा म्हणतो, नवरीला सगळे सुंदरच म्हणतात, जखम मात्र लोक निरखून बघतात.

७ नोव्हेंबर

घरी हितेशच्या हातावर सराव केला. आधी पिवळा, मग जांभळा, मधे थोडा हिरवट, कडा बोटाने पुसून घ्यायच्या. मुका मार छान जमला. रक्त म्हणजे साखरेचा पाक आणि खायचा रंग. हितेशने बोट लावून चाटलं आणि म्हणाला, "गोड हाय. असं रक्त असतं तर ढेकणांना शुगर झाली असती."

मग तो हात घेऊन मुद्दाम टपरीवर गेला. चहावाला घाबरून म्हणाला, "अरे भाई, ये किसने मारा?" हितेश म्हणाला, "बीवीने." आता कामतघरच्या आमच्या गल्लीत बायका माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघतात.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज जखमी शिपाई कमी पडले. हितेशची शिफ्ट संपली होती, मी त्यालाच बोलावून घेतलं. डोक्याला पट्टी, गालाला काजळी, स्ट्रेचरवर झोपवला. मेजर डॉक्टरचं काम करणारे सुश्रुत सर त्याच्या उशाशी उभे राहून मोठं लांब भाषण करतात असा सीन होता. सीन संपला, सगळे उठले, हा उठेचना. खरंच झोपला होता. हलवून उठवावा लागला.

मला लाजल्यासारखं झालं. पण सई मॅडम, म्हणजे दिग्दर्शक, खूश झाल्या. म्हणाल्या, "बाकीचे जखमी पापण्या हलवतात. हा अगदी गळून पडतो. याला रोज आण."

येताना मी हितेशला चिडवलं, "झोपायला बोलावलंय तुला." तो म्हणाला, "दमलो गं. हल्ली पेट्या जड झाल्यात काय कळत न्हाय."

२० नोव्हेंबर

हितेशने गोदामाच्या शिफ्टा सोडल्या. इथे पडून राहायचं काम, जेवण वर. सेटवर सगळ्यांचा लाडका झालाय. दर एपिसोडला वेगळी पट्टी बांधून वेगळा जखमी होतो. सुश्रुत सर आले की म्हणतात, "तू काल मेला होतास ना रे?" हा म्हणतो, "साहेब, तिकडं जेवण बरं नव्हतं, परत आलो."

माझं कामही सुधारलंय. आज दादाने सगळ्यांसमोर सांगितलं की रोशनीचा मुका मार ओळखू येत नाही. फक्त रंग थोडा खराब आला असावा. हितेशच्या दंडावरचे डाग खोबरेल तेलाने चोळले, साबणाने चोळले, तरी निघेनात. आणि मांडीवरही लागलेत. मांडीवर मी कधी लावले तेही आठवत नाही. उद्या दुसऱ्या कंपनीचा डबा मागून घेते.

२४ नोव्हेंबर

काल हितेशने तोंडातून रक्त येण्याचा सीन केला. आज सकाळी दात घासताना चूळ लाल. मी म्हटलं, पाक अजून दातांत अडकलाय. तो म्हणाला, असंल.

डब्यातली भाकरी अर्धी परत आणतो. सेटवरचं जेवतो म्हणे. पण जेवण वाढणारा स्पॉटबॉय भाविक म्हणाला, वहिनी, हितेशदादा ताट दुसऱ्यालाच देतात. विचारलं तर म्हणतो, जखमी माणूस जाडा दिसला तर प्रेक्षक काय म्हणतील? गालफडं बसलीत ती कॅमेऱ्यात छान दिसतात हे खरं आहे. मला आता काळी शेड लावावीच लागत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. एसटीने गणेशपुरीला उतरून हितेशच्या घरी पाड्यावर गेलो. हितेशचं अंग दुखत होतं म्हणून आधी अकलोलीच्या गरम कुंडात आंघोळीला नेलं. त्याची पाठ चोळायला घेतली, पाठीवरही डाग. मला खरंच राग आला, एवढा महाग रंग आणि असा. नवा डबाही तसलाच निघाला म्हणायचा.

माझी सासू धोंडूबाई भाताची मळणी उरकून बसली होती. त्याला बघून म्हणाली, "वाळलास रं पोरा."

"आये, टीव्हीत असंच लागतं."

"टीव्हीत लागतं म्हनं. अंग बघ, पांढरं पडलंय. भगताकडं चल."

हितेश हसला. "भगताला टीव्हीत घेतात का इचारतो."

मी म्हटलं, आये, तो मेकअप आहे, मीच करते. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "आज सुट्टी हाय म्हनलीस ना?"

मी सांगितलं की रंग लवकर निघत नाही. निघताना तिने नाचणीचं पीठ आणि सुके बोंबील बांधून दिले आणि रस्त्यापर्यंत आली. एरवी ती दारातूनच जा म्हणते.

४ डिसेंबर, गुरुवार

आजची बातमी मोठी. हितेशला नावाचं काम मिळालं. शिपाई गणू. पोटात गोळी लागलेला, सगळ्यांनी आशा सोडलेला, आणि तरी बरा होऊन घरी जाणारा. सई मॅडम म्हणाल्या, एवढ्या मरणाऱ्यांत एक तरी चालत घरी गेला पाहिजे, आणि तो हितेशच हवा, लोकांनी त्याचा चेहरा ओळखायला सुरुवात केलीय.

शेवटच्या सीनमध्ये त्याला एक वाक्य आहे. तंबूच्या दारात थांबून मागे वळून विचारायचं, "साहेब, इथून एसटी मिळंल का?" बाहेर बर्फ आणि तोफा, आणि हा एसटी विचारतो. वाचून सगळे हसले.

घरी वीस तऱ्हांनी म्हणून दाखवलं. हसत, रडत, भिवंडी डेपोच्या कंडक्टरसारखं. मग दम लागून कॉटवर बसला. म्हणाला, "रोशनी, आयुष्यभर पाठीवर पेटी घेऊन चाललो, तोंड कुनी बघितलंच न्हाय. आता आयेला दाखवीन, तुझा पोरगा मरता मरता बरा कसा झाला."

८ डिसेंबर

शुभदाताईंचा राग आलाय. त्या मेट्रनचं काम करतात, मोठ्या नाटकातल्या बाई, एरवी मायेने बोलतात. आज मेकअपच्या खोलीत येऊन एकदम विचारलं, "हितेशला ताप येतो का गं रात्रीचा?"

येतो थोडा. थंडी पडलीय, मिठात पडून राहायचं, येणारच. तसं सांगितलं.

"आणि हे डाग? आज तू याला काही लावलं नाहीस अजून."

मी म्हटलं, कालचे आहेत, निघत नाहीत.

"रोशनी, मेकअप न निघायला काय झालं? रक्त तपासून घ्या त्याचं."

म्हणजे माझं काम कच्चं असंच ना? दादासमोर बोलल्या. हितेशला एवढी मोठी भूमिका मिळाली ते काहींना बघवत नसेल. लिहिताना वाटतंय, त्या तशा नाहीत. पण राग आलाय तो आलाय. हितेशला विचारलं, दवाखान्यात जाऊया का? तो म्हणाला शनिवारी शेवटचा सीन होऊ दे, मग तू म्हणशील तिथे येतो. बरोबर आहे. मधेच अॅडमिट करून घेतलं तर भूमिका दुसऱ्याला जाईल.

११ डिसेंबर, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत हितेश कुठे गेला कळलं नाही. संध्याकाळी त्याच्या कोपराच्या आत कापूस चिकटवलेला होता. सेटवर सलाईनची खोटी सुई लावतात तिथेच. काढायला विसरला, वेंधळा. मी ओढून काढला तर "आयो" म्हणून ओरडला. तिथेही मोठा काळानिळा डाग. म्हटलं, आज कोणी केला रे तुझा मेकअप? म्हणाला, "दुसरीनं केला. तुझ्यासारखा न्हाय जमला."

१२ डिसेंबर

हितेशने आज मला सिलिंडर बदलायला शिकवलं. मी म्हटलं, तू आहेस की. तर म्हणाला, शीक, बाईमाणसाला सगळं आलं पाहिजे. एकदा जोडून दाखवला, मग माझ्याकडून दोनदा जोडून घेतला. मग आयेला फोन लावून बराच वेळ बोलला, भात किती झाला, गाय कशी आहे. आज फार शहाण्यासारखा वागत होता. उद्याचं टेन्शन असेल.

१४ डिसेंबर, रविवार

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात आहे. बाकड्यावर बसून लिहिते. न लिहिता बसवत नाही.

काल शेवटचा सीन होता. गणू बरा झालाय, म्हणून मी हितेशला गालांवर लाली लावली. पहिल्यांदाच त्याला चांगला दिसेल असा मेकअप केला. सई मॅडमनी अॅक्शन म्हटलं. तो खाटेवरून उठला, सुश्रुत सरांनी पाठीवर थाप मारली, तो दाराकडे चालायला लागला. दारात वळला. नाकातून रक्ताची धार ओठांवर आली. तो हसला, दात लाल.

कोणीतरी माझ्यामागे हळूच म्हणालं, काय इफेक्ट आहे. कॅमेरा चालूच होता. सई मॅडमना वाटलं मी केलंय. मलाही एक क्षण वाटलं दादाने केलंय. मग डोक्यात आलं की आज रक्ताची बाटली मी उघडलीच नव्हती. तो बरा होऊन घरी चालला होता.

मी धावेपर्यंत तो मिठात पडला. शुभदाताई माझ्याआधी पोहोचल्या. त्याचं डोकं मांडीवर घेऊन ओरडल्या, "गाडी आणा, कट करा तो कॅमेरा."

गाडीत त्यांनी सगळं सांगितलं. गुरुवारी त्याच त्याला लॅबमध्ये घेऊन गेल्या होत्या. शुक्रवारी रिपोर्ट आला. डॉक्टर फोनवर म्हणाले, आजच्या आज मुंबईला न्या. हितेशने हात जोडले, ताई, उद्याचा सीन होऊ द्या, रोशनीला आज सांगू नका, रविवारी सकाळी मीच सांगतो. "मी ऐकायला नको होतं," ताई म्हणाल्या.  पुढे खाडीपूल येईपर्यंत त्यांचा हात माझ्या हातावर होता, मग मी काढून घेतला.

रक्ताचा कॅन्सर. त्यातलाही घाईचा, रक्त थांबू न देणारा. इथल्या डॉक्टर मॅडमनी समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, औषध आहे, बरे होणारे खूप आहेत, पण हे पहिले दिवस अवघड असतात. मी विचारलं, डाग कधीपासून असतील? त्यांनी उलट विचारलं, तुमच्या लक्षात कधी आले?

मी महिनाभर चोळत होते. तेल लावून, जोर लावून.

१७ डिसेंबर, बुधवार

आज बोलला. औषध सुरू आहे, रक्ताच्या पिशव्या चढतायत. सिस्टर सुई लावायला आल्या तेव्हा म्हणाला, "सिस्टर, ही खरी हाय ना? मला खोटीची सवय हाय." सिस्टर खूप हसल्या. शेजारच्या खाटेवर एका बाईचा मुलगा फार वाईट अवस्थेत आहे. सिस्टर हसल्या तेव्हा त्या बाईने मान वर केली. मला वाटलं आता रागवेल. तीही थोडं हसली.

सिस्टर गेल्यावर मी म्हटलं, "माझ्यापासून लपवलंस."

"एक दिवस लपवलं."

"का पण?"

 मग म्हणाला, "तू डागाला रंग समजत व्हतीस तवर तो रंगच व्हता. तुला कळलं असतं तर मलाबी कळलं असतं."

मी म्हटलं, मला ओळखता आलं नाही. मी रोज हात लावत होते आणि मला ओळखता आलं नाही.

"तू काय डॉक्टर हायस? एवढे तिथं डॉक्टर व्हते, कोट घालून. त्यांना तरी कुठं कळलं?" असं म्हणून स्वतःच हसला आणि त्याला ठसका लागला. मी पाणी दिलं. आयेला बोलवू का विचारलं. म्हणाला, जरा रंग येऊ दे तोंडावर, मग बोलव.

मी त्याचं न ऐकता फोन केला. उद्या येतेय.

२० डिसेंबर

हितेश काल सकाळी गेला. डोक्यात रक्तस्राव झाला. आये पोहोचली होती.

५ जानेवारी, सोमवार

पाड्यावर आहे. दिवसकार्य झालं. शुभदाताई आज एकट्या आल्या, एसटीने, पायी चढून. आयेने त्यांना चहा दिला. मी आत बसून राहिले. त्यांना दोष देणं मला सोपं पडतं. त्यांनी सांगितलं असतं तर एक दिवस मिळाला असता. पण त्यांनी आठ तारखेला सांगितलंच होतं, आणि मी रागावले होते. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, एका दिवसाने काय झालं असतं ते कोणीच सांगू शकत नाही. हे बरं आहे की वाईट, मला ठरवता येत नाही.

त्या निघाल्या तेव्हा मी बाहेर आले. ताई म्हणाल्या, "तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल."

मी म्हटलं, "उतरताना जपून, दगड सुटे आहेत." एवढंच बोलले. मग त्यांच्यासोबत रस्त्यापर्यंत गेले.

१९ जानेवारी

सई मॅडमचा फोन.  म्हणाल्या, गणूची गोष्ट अर्धी राहिलीय. हितेश तंबूच्या दारापर्यंत चालत जातो तेवढं चित्रित झालंय. तेवढंच ठेवून तो घरी गेला असं दाखवता येईल, आवाज दुसऱ्याचा घालून ते वाक्यही घेता येईल. नाहीतर खाटेवर चादर ओढलेली दाखवावी लागेल. "तुम्ही सांगाल तसं करू. माझ्या मनात घरी पाठवायचं आहे."

माझ्याही मनात तेच होतं. निदान तिथे तरी जाऊ दे घरी. पण आयेला विचारल्याशिवाय कसं सांगू?

आये तांदूळ पाखडत होती. मी नीट समजावलं, की सिरियलमध्ये तो बरा होऊन गावाकडे निघाला असं दिसेल. तिने सूप खाली ठेवलं.

"कुठल्या गावाला?"

"त्याच्या. दाखवणार नाहीत. नुसता निघालेला दिसेल."

तिने तांदळातला एक खडा वेचून फेकला. म्हणाली, "न्हाय. गेला तो गेला असंच दाखवा."

"आये, बघायला बरं वाटेल."

"तुला वाटंल. तो निघालेला दिसला तर मी दारात बसन. येडी न्हाय मी, मला समजतं खोटं हाय. तरी बसन. गाडी आली का बघन." मग सूप उचललं. "चादर ओढा. मला रडून घेऊ दे एकदाचं."

मी मॅडमना तसंच कळवलं. त्या बरं म्हणाल्या. मीही कामावर येते असं सांगून टाकलं.

२७ जानेवारी, मंगळवार

आज तो सीन झाला.

चादरीखाली झोपायला हितेशच्या गोदामातला प्रितेश आला होता. अंगाने तसाच आहे म्हणून. त्याने मला विचारलं, "वहिनी, तुम्हाला चालेल ना?" मी म्हटलं, चालेल. तोंड झाकलेलंच असणार होतं, मेकअप करायचा नव्हता. दादा म्हणाला, तू बाहेर बस. मी बसले नाही. कॅमेऱ्याच्या मागे उभी राहिले.

शुभदाताईंनी चादर ओढली.  सुश्रुत सर खाटेपाशी आले. सगळे असे गप्प की पलीकडच्या गोदामातली ट्रॉली ऐकू येत होती. सर बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात चादरीखालचा प्रितेश शिंकला. चादर फुगून वर उडाली आणि पडली.

एक क्षण कोणी हललं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मला हसू आलं. इतकं आलं की पोटात कळ यायला लागली, मग बाकीचेही हसले, सुश्रुत सर खाटेचा गज धरून खाली बसले. ताई हसता हसता रडत होत्या. प्रितेश चादरीतून तोंड काढून सारखा सॉरी सॉरी म्हणत होता.

मग मॅडमनी सगळ्यांना शांत केलं. मी जाऊन चादर नीट केली, पायाकडची सुरकुती काढली. पुन्हा अॅक्शन.

या वेळी प्रितेश अगदी निपचित पडला. ताईंनी चादर ओढली, सर आले, उभे राहिले, बोलले. चादर जराही हलली नाही. सगळं नीट चाललं होतं, आणि मी तिथे उभी राहून मनात म्हणत होते, शिंक रे, शिंक.